नळोबा, निजा की हो! मुलांकडून गल्लीचं गाणं करून घेण्याची रीत

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी गल्ली जागी होते: हंडे, कळशा, बॅरल, हौद, पाइपांचे वेटोळे, आणि हौद भरल्यावरही वाहत राहिलेला एखादा उघडा नळ. मोठ्यांच्या डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. सात वर्षांचं मूल मात्र तिथे थांबतं आणि विचारतं, "ह्या नळाला झोप येत नाही का?"

हा प्रश्न जसाच्या तसा जपला तर त्यातून गल्ली बदलणारं गाणं होतं. मोठ्यांनी त्याला ‘पाणी वाचवा, जीवन वाचवा’ असं नीटनेटकं करून टाकलं, की मुलं ते पाठ करतात, टाळ्या पडतात आणि नळ वाहतच राहतो. घोषणा माणसाला दोष देते. दोष दिला की माणूस आधी स्वतःचा बचाव करतो. मूल नळाशीच बोलतं, त्यामुळे दारातल्या काकूंना हसू येतं आणि हसता हसता त्या उठून नळ बंद करतात. म्हणून मुलांच्या निरागसपणाकडे कामाचं साधन म्हणून पाहावं. त्याला धक्का न लावता गाणं कसं बांधायचं, ते इथे दिलं आहे. उदाहरण म्हणून एकच गाणं, वाहत्या नळाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलं आहे.

तयारी

सहा ते दहा वर्षांची दहा-पंधरा मुलं घ्या. वीसच्या वर गेली की मागची मुलं नुसती ओठ हलवतात. चाळीस मिनिटांच्या सहा बैठका पुरतात. शाळेत असाल तर आनंददायी शनिवारचा (शनिवारच्या खेळ-कलांच्या उपक्रमाचा) वेळ सोयीचा. गल्लीत असाल तर देवळाचा ओटा किंवा कुणाचं तरी अंगण चालेल. सामान थोडंच लागतं: दोन कार्डशीट, जाड स्केचपेन, आवाज रेकॉर्ड करणारा मोबाइल, एक लिटरची रिकामी बाटली, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक दोनशेपानी वही. वाजवायची पेटी असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. माइक आणू नका. माइक दिसला की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून समोर बघून बोलू लागतात.

फेब्रुवारी-मार्च हा चांगला काळ. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वराची यात्रा असते, तेव्हा मुलांचं मन गड्ड्यावर, म्हणजे त्या जत्रेत, असतं. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, म्हणून त्या दिवसांत गल्लीतून फिरायचं काम सकाळी नऊच्या आत उरका.

पहिली बैठक: प्रश्न गोळा करणं

मुलांना "पाण्याचं महत्त्व काय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांना पुस्तकातून माहीत असतं आणि ते पुस्तकाच्याच भाषेत येतं. त्याऐवजी वस्तूशी बोलायला लावा. नळ रात्री काय करतो? पाणी उजनी धरणाहून इथे येईपर्यंत दमत असेल का? तुमची कळशी नळाला काय म्हणत असेल? रस्त्याला आंघोळ घातली तर तो काय म्हणेल?

उजनीहून येणारी जलवाहिनी शंभराहून अधिक किलोमीटरची आहे. हे मुलांना नुसतं सांगून भागत नाही. पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर मोहोळ येतं, मग टेंभुर्णी, त्याच्याही पुढे धरण, असं बोटाने नकाशावर चालवा. त्यानंतर ‘दमणं’ हा शब्द त्यांचा होतो.

मूल जे बोलेल ते त्याच शब्दांत वहीत उतरवा. ‘लई’ म्हणालं तर ‘लई’ लिहा, ‘पळालंय बघ’ म्हणालं तर तसंच. शुद्धलेखन दुरुस्त केलं तर हरकत नाही, शब्द मात्र बदलू नका. या एका नियमावर सगळं अवलंबून आहे. मुलाचं वाक्य तुम्ही एकदा सुधारलंत, की पुढच्या वेळी ते तुम्हाला आवडेल असंच वाक्य देतं, आणि मग वहीत तुमचेच विचार मुलांच्या अक्षरात उरतात.

बैठक संपताना तीस-चाळीस वाक्यं हाती असतात. ती मोठ्याने वाचा. ज्या वाक्याला बाकीची मुलं न सांगता हसतात किंवा एकदम गप्प होतात, त्याला खूण करा.

विषय चाळून घेणं

गाण्याचा विषय तीन चाळण्यांतून जायला हवा. ती गोष्ट मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते का? महिनाभरात ती याच गल्लीतलं कुणीतरी बदलू शकतं का? आणि गाण्याने कुणा एका घराचं नाव खाली जात नाही ना? ‘शहराला रोज पाणी द्या’ ही मागणी रास्त आहे, पण ती दुसऱ्या चाळणीत अडकते. ती मागणी मोठ्यांनी करायची आहे, त्यासाठी मुलांना पुढे करू नये. ‘उघडा नळ बंद करा’ तिन्ही चाळण्यांतून खाली येतं.

तिसऱ्या चाळणीबद्दल फार कडक राहा. "अमक्यांच्या दारात पाणी वाहतं" अशी ओळ मुलांना आवडते, कारण त्यांना ती खरी वाटते. पण त्या घरातलं मूलही याच घोळक्यात बसलेलं असतं.

दुसरी बैठक: मोजणी

पाण्याच्या दिवशी मुलांना घेऊन गल्लीतून एक फेरी मारा. नळ पुष्कळदा रस्त्याच्या पातळीखाली खड्ड्यात असतो, तेव्हा खड्ड्याजवळ मोठं माणूस उभं राहील, मुलं काठावरून बघतील. तीन आकडे लिहा: एकूण नळ किती, तोटी नसलेले किती, भरून झाल्यावर वाहणारे किती. सुरुवातीचं टोक आणि वेळही टिपून ठेवा.

मग एका वाहत्या नळाखाली बाटली धरा. समजा लिटरची बाटली सहा सेकंदांत भरली. मिनिटाला 10 लिटर, तासाला 600. पंधरा लिटरची घागर धरली तर तासाला 40 घागरी. हा हिशेब चौथीतलं मूल फळ्यावर करतं आणि पहिलीतलं मूल चाळीस रेघा ओढतं. चाळिसावी रेघ ओढेपर्यंत त्या मुलाचा चेहरा बदललेला असतो.

फेरीत आणखी एक गोष्ट विचारून घ्या, म्हणजे गाण्यातली मागणी चुकत नाही. तोटी का नाही? बहुतेक ठिकाणी उत्तर निष्काळजीपणाचं नसतं. हौदापर्यंत पाइप न्यायचा असतो, तो साध्या तोटीवर नीट बसत नाही, म्हणून लोक तोटीच काढून ठेवतात. अशा वेळी ‘नळ बंद करा’ हे गाणं ऐकून कुणी काय करणार? बंद करायला काही उरलेलंच नाही. पाइप बसेल अशी नोझलची तोटी मिळते, ती लावली की पाइपही बसतो आणि पाणीही थांबतं. गल्लीच्या टोकाला दाब कमी असतो. मधले उघडे नळ मिटले की तो थोडा वाढतो. गाण्याला ही खरी गाठ सापडली पाहिजे.

तिसरी आणि चौथी बैठक: ओळी बांधणं

कार्डशीटवर प्रत्येक ओळीसाठी चार चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे एक टाळी. मुलांनी आधी फक्त टाळ्या द्यायच्या, मिनिटाला साधारण शंभर. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या मुलांना ही लय शिकवावी लागत नाही. घराशेजारी मागाची खटखट आणि धोट्याची ये-जा ऐकतच ती मोठी होतात. इतर मुलांना भाकरी थापण्याचा आवाज आठवायला सांगा.

आता प्रत्येक चौकोनात दोन किंवा तीन ध्वनी बसवायचे. ध्वनी मोजताना लिहिलेली अक्षरं मोजू नका, तोंडातून निघणारे तुकडे मोजा. ‘भरला’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना ‘भर-ला’ असे दोनच तुकडे. ‘रस्त्याला’ म्हणजे रस्-त्या-ला, तीन. पुष्कळ शिक्षक कागदावरची अक्षरं जुळवतात आणि गाताना ओळ का अडखळते ते त्यांच्या लक्षात येत नाही.

पहिल्या बैठकीतली खूण केलेली वाक्यं घ्या आणि चौकोनांत टाकून बघा. नळाच्या झोपेवरून धृपद असं होईल:

नळोबा | नळोबा | निजा | की हो
हौद तर | भरला | थांबा | की हो!

इथला ‘की हो’ काढून ‘आता तरी’ घालायचा मोह आवरा. सोलापूरचं बोलणं ‘की’शिवाय पुरं होत नाही आणि त्या ‘की’मध्ये आर्जव आहे. हुकूम आला की आर्जव जातो.

कडवी प्रत्येकी दोन ओळींची ठेवा.

रस्त्याला | लागली | नाही | तहान
आमची | कळशी | इवली | लहान

उजनीहून | आलास | दमलास | भारी
घरात | ये की | कशाला | दारी?

मोजल्या | घागरी | चाळीस | भरल्या
सांगा की | कुणाच्या | दारात | शिरल्या?

नळाला | नोझलची | तोटी | लावा
पुढच्या | गल्लीला | हंडा | जावा

चारही कडव्यांचं काम वेगळं आहे. पहिलं मुलाला जे दिसतं ते सांगतं. दुसरं पाण्याशी बोलतं, आणि हेच गाण्याचं काळीज. तिसऱ्यात मोजलेला आकडा आहे, म्हणून कुणी "पोरं काहीही बोलतात" म्हणू शकत नाही. चौथ्यात मागणी आहे, एकच, आणि ती पुढच्या गल्लीसाठी आहे. मुलांनी स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, हे ऐकणाऱ्याच्या मनाला लागतं.

दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आधी ‘घरात ये की, थांबू नको दारी’ अशी सुचते. अर्थ चांगला, पण ‘थांबू नको’ हे चार ध्वनी एका टाळीत कोंबावे लागतात आणि लहान मुलं तिथे मागे पडतात. ‘कशाला’ घातलं की तीन होतात, शिवाय ओळ पुन्हा प्रश्न बनते. अशी दुरुस्ती करताना दोन-तीन पर्याय मुलांपुढे ठेवा आणि टाळ्यांवर म्हणून बघायला सांगा. जो पर्याय तोंडात बसेल तो त्यांचा कानच निवडतो.

तुलनेसाठी हे वाक्य चौकोनांत घालून पाहा: ‘पाण्याचे संवर्धन करणे ही काळाची गरज आहे’. ते चार टाळ्यांत मावत नाही, डोळ्यांपुढे चित्रही उभं करत नाही, आणि दुसरीतल्या मुलाने ‘संवर्धन’ हा शब्द कधी खेळताना उच्चारलेला नसतो. कुणी पाहुण्याने असं वाक्य सुचवलं तर आभार माना आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

यमकासाठी ओळ वाकवू नका. ‘पाणी’ला ‘राणी’ आणि ‘गाणी’ लगेच सुचतात. ती आली की गाण्यात नसलेली राणी येते. यमक सुचत नसेल तर शेवटचा शब्द बदला.

सोलापूरच्या गाण्याला चार भाषा हव्यातच

एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी बोलणारी घरं असतात. प्रत्येक मुलाला विचारा, "तुझ्या घरी ‘पुरे’ला काय म्हणतात?" दख्खनीत ‘बस’, कानडीत ‘साकु’, तेलुगूत ‘चालु’. इथे वर्ग खळखळून हसतो, कारण मराठीत ‘नळ चालू’ म्हणजे पाणी वाहतंय आणि तेलुगू आजी ‘चालु’ म्हणते तेव्हा तिला पुरे म्हणायचं असतं. एकाच शब्दाने एका घरात नळ उघडतो, दुसऱ्या घरात मिटतो! ही गंमत मुलं स्वतःच शोधतात. तिला गाण्यात जागा द्या. प्रत्येक धृपदानंतर चार टाळ्यांवर चार मुलं चार बाजूंनी ओरडतील:

पुरे! | बस! | साकु! | चालु!

‘चालु’ म्हणणाऱ्या मुलाने हाताने तोटी फिरवून मिटवल्याची खूण करायची, म्हणजे अर्थाचा घोळ होत नाही. तेलुगू ‘चालु’मधला ‘लु’ तोडून म्हणायचा, मराठी ‘चालू’सारखा लांबवायचा नाही. घरची भाषा शाळेत चोरून बोलणाऱ्या मुलाला या एका शब्दाने गाण्यात जागा मिळते, आणि ते घरी जाऊन आजीला हे गाणं हमखास म्हणून दाखवतं. गाणं ज्या घरात पोहोचायला हवं, तिथे ते असं पोहोचतं.

पाचवी बैठक: चाल

सिनेमातली चाल लावू नका. मुलांच्या डोक्यात तिचे मूळ शब्द पक्के असतात, तिसऱ्या फेरीला तेच बाहेर पडतात. मुलांना धृपद नुसतं चार-पाचदा बोलायला लावा आणि रेकॉर्ड करा. नीट ऐकलं तर बोलण्यातच चढउतार सापडतो. हाक मारताना आवाज वर, विनवताना खाली. तोच धरून पुढे जा. सा, रे, ग, प एवढे चार स्वर पुरेत. धृपदासाठी एक सोपी बांधणी:

ग ग ग | रे रे रे | ग रे | सा सा
प प | ग ग | रे ग | सा सा

पेटीवर मधल्या सप्तकात पांढरी दोनला (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) सा धरा. मग प पांढरी सहावर येतो आणि या वयाच्या बहुतेक मुलांना तिथवर ओरडावं लागत नाही. मोठी माणसं सवयीने स्वतःच्या गळ्याला सोयीचा, खालचा स्वर धरतात, तेव्हा मुलं कुजबुजू लागतात. फार वरचा धरला की गळ्याच्या शिरा ताणतात आणि शब्द कळत नाहीत. खेळताना मुलं एकमेकांना हाका मारतात त्याच्या आसपासचा स्वर बरोबर, हे पेटीशिवायही ओळखता येतं.

साथीला उलटी घागर, स्टीलचं ताट आणि मागावरच्या सुताच्या दोन रिकाम्या लाकडी कांड्या. हलगी मोकळ्यावर छान वाटते, पण अरुंद गल्लीत ती शब्द गिळते. वाजवायचीच असेल तर फक्त धृपदाच्या आधी चार ठोके.

सहावी बैठक: गल्लीत गाणं

पाण्याच्या दिवशी, पाणी आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने निघा. आधी निघालात तर बाया हंड्यांच्या घाईत असतात, गाणं मध्ये येतं. उशीर झाला तर घरी वळलेल्या विड्या द्यायला आया कारखान्यावर गेलेल्या असतात. पहिले हौद भरत आलेले असतात ती वेळ गाठा. तीन ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी पूर्ण गाणं एकदाच. एका ठिकाणी साधारण मिनिटभर लागतं. वाहत्या नळासमोर मुद्दाम उभं राहू नका, दोन घरं अलीकडे उभं राहा, आवाज पोहोचतोच. रंगवलेले चेहरे, टोप्या, फलक काही नको. रोजच्या कपड्यातली, ओल्या पायांची मुलं गातात तेव्हा लोक ऐकतात. नटवलेली मुलं आली की लोक मोबाइल काढतात.

सोबत एका मोठ्या माणसाकडे दोन-तीन नोझलच्या तोट्या आणि टेफलॉन टेप असू द्या. "दाखव बघू कसली तोटी" असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी दाखवता आली पाहिजे. मुलांनी तोटी विकायची नाही, वाटायची नाही, कुणाला उपदेशही करायचा नाही. त्यांचं काम गाण्यापुरतं.

चित्रफीत करणार असाल तर पालकांना आधी विचारा, आणि गल्लीचं नाव, शाळेचा गणवेश, मुलांची पूर्ण नावं दिसू देऊ नका. कुठल्याही पक्षाच्या किंवा मंडळाच्या व्यासपीठावरून बोलावणं आलं तर नम्रपणे नाही म्हणा. तिथे गेलं की ते गाणं त्यांचं होतं आणि गल्लीतली निम्मी दारं बंद होतात. स्पर्धेतही पाठवू नका. बक्षिसासाठी गाणं घोटलं जातं, आणि घोटलेल्या गाण्यातला प्रश्न विझतो.

बिघडतं कुठे

सगळ्यात जास्त बिघडतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मोठ्यांना ‘आणखी एक कडवं घालू’ असं वाटायला लागतं तेव्हा. झाडं, प्लास्टिक, स्वच्छता सगळं एकाच गाण्यात येतं आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळत नाही. चार कडव्यांवर थांबा.

एखादंच गोड गळ्याचं मूल पुढे करणं हीदेखील चूक. बाकीची मुलं श्रोते होतात आणि घरी जाऊन गात नाहीत. धृपद सगळ्यांचं, कडवी दोघा-तिघांची, आणि दर वेळी दोघं-तिघं वेगळी.

फरक पडला नाही तर आवाज वाढवू नका, कडवं बदला. पुन्हा विचारा: आता नळ काय म्हणतो? बहुधा मुलांनाच कळलेलं असतं की अडचण कुठे आहे. कुणाच्या घरी तोटी आणलीय पण बसवायला कुणी नाही, कुठे खड्ड्यात हात पोहोचत नाही. ते पुढचं कडवं.

हीच रीत सिद्धेश्वर तलावाच्या काठच्या कचऱ्यालाही चालते (माशाला विचारा, त्याला काय काय खायला मिळालं) आणि उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्यालाही. चौकोन, टाळ्या, चाळण्या त्याच. मोजायची वस्तू बदलते.

गाणं गायल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या पाण्याच्या दिवशी मोजणी पुन्हा करा. वहीतले तेच तीन आकडे, त्याच टोकापासून, पाणी आल्यावर तितक्याच वेळाने. वेळ पुढेमागे झाली तर हौद कमीजास्त भरलेले असतात आणि वाहणाऱ्या नळांचा आकडा फसवतो. नवा आकडा मुलांनीच लिहायचा, जुन्याच्या शेजारी, खाडाखोड न करता. वाढला असला तरी.